भरती बघा, मग बुकिंग करा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेलाय, बऱ्याच कॉलेजांमधल्या सेमिस्टर परीक्षा उरकल्यात किंवा उरकत आल्यात, आणि तुमच्या फोनवर एक नवी जाहिरात फिरायला लागली असेल. 'कोकण बर्डिंग वीकेंड! दोन रात्री, एक्स्पर्ट गाइड, बोट राइड, घरगुती माशांचं जेवण.' मागे फोटो गुलाबी फ्लेमिंगोंचा. खाली लिहिलेलं, 'सीट्स मर्यादित.'

पाच-सहा वर्षांपूर्वी पक्षीनिरीक्षण म्हणजे टोपी घातलेल्या काकांचा छंद, असा आपला समज होता. आता तसं राहिलेलं नाही. मर्लिन ॲप फोनवर फुकट आहे, ते आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. ई-बर्डवर आपली यादी चढवण्याची चढाओढ असते. आणि ट्रेकिंगवाल्या ग्रुप्सना पावसाळा संपल्यावर विकायला काहीतरी हवंच असतं. तर पक्षी बघायची गाइडेड सुट्टी हा आता एक छोटासा बाजार झालाय. बाजार म्हटला की तीन प्रश्न विचारायचे, असं आम्हाला पत्रकारितेच्या पहिल्याच वर्षी शिकवतात: काय विकलं जातंय, पैसा कुणाकडे जातोय आणि माल कुठून येतोय. या बाजारात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात भारी आहे, कारण माल सैबेरियातून येतो.

हे सगळं आत्ताच का? तर काल, ५ नोव्हेंबरला, महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह सुरू झाला. ५ तारीख म्हणजे मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारीख म्हणजे सालिम अलींचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा राज्य सरकार २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा करतं. चितमपल्ली यंदा जूनमध्ये गेले, म्हणजे त्यांच्याशिवायचा हा पहिलाच सप्ताह. 'सारंगागार' हा शब्द त्यांनी मराठीला दिला. बगळे-करकोचे जिथे वस्ती करून घरटी बांधतात, त्या जागेला. मुद्दा असा की त्यांनी पक्ष्यांच्या जागेसाठी शब्द घडवला. हा जागेचा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

गुलाबी फोटो आणि करडा प्रवासी

आधी त्या जाहिरातीतल्या फोटोबद्दल. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित किंवा अग्निपंख, मुंबईच्या खाडीत नोव्हेंबरअखेरपासून जमायला लागतात आणि त्यांची खरी गर्दी असते जानेवारीनंतर, थेट मेपर्यंत. त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कुणी 'फ्लेमिंगो गॅरंटी' देत असेल तर तो तुम्हाला फोटो विकतोय, ट्रिप नाही. दुसरं म्हणजे रोहित काही सैबेरियातून येत नाही. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, ठाणे खाडीतल्या सहा रोहितांना जीपीएस टॅग लावले. त्यांना नावंही दिली. एकाचं नाव सालिम, एकाचं हुमायून आणि एकाचं चक्क 'नवी मुंबई'. त्यातले काही गुजरातच्या किनाऱ्याकडे गेले. आपला पोस्टर बॉय असा शेजारच्या राज्यातला निघतो.

लांबचे प्रवासी वेगळे आहेत, आणि ते दिसायला अगदी साधे आहेत. करडे, मातकट, चिखलात मिसळून जाणारे. चिखल्या, टिलवा, तुतारी, कोरल. त्यातला कर्ल्यू सँडपायपर घ्या. वजन साधारण ६० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढं. उन्हाळ्यात तो असतो आर्क्टिकच्या काठावर, सैबेरियाच्या टुंड्रात. आणि पावसाळा संपायच्या आधीच त्यांची पहिली तुकडी आपल्या किनाऱ्यावर उतरलेली असते. आधी मोठे नर निघतात, मग माद्या, आणि सगळ्यात शेवटी त्या वर्षी जन्मलेली पिल्लं. आई-बाप पुढे निघून गेलेले. रस्ता कुणी दाखवलेला नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किनाऱ्यावर दिसणाऱ्या थव्यांत अशी बरीच पोरं असतात, पहिल्यांदाच घर सोडून आलेली. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

हे ज्या वाटेने येतात तिला म्हणतात मध्य आशियाई उड्डाणमार्ग. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत, तब्बल ३० देशांवरून जाणारा. जगातल्या मोठ्या उड्डाणमार्गांपैकी हा एक, आणि भारत त्याच्या अगदी मध्यात. २०२० मध्ये गांधीनगरला स्थलांतरित प्रजातींची जागतिक परिषद झाली, तेव्हा भारताने या मार्गासाठी पुढाकार घेण्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदच्या परिषदेत या मार्गासाठीच्या उपक्रमाला मान्यता मिळाली आणि त्याचं समन्वय केंद्र भारतात असेल असं ठरलं. आंतरराष्ट्रीय पातळीवर आपण जबाबदारी घेतलेली आहे, तीही हौसेने.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत किनारी पक्ष्यांच्या बऱ्याच जाती एका झटक्यात खालच्या पायरीवर गेल्या. कर्ल्यू सँडपायपर, ग्रे प्लोवर आणि ब्रॉड-बिल्ड सँडपायपर हे तिघेही आता 'असुरक्षित' गटात आहेत. हे तिघेही आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा काढतात. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३' या अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल मोजता आला, त्यातल्या ६० टक्के जातींची संख्या घटलेली होती. आणि गेल्याच महिन्यात आययूसीएनने स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू हा पक्षी नामशेष झाल्याचं जाहीर केलं. त्याची शेवटची खात्रीशीर नोंद १९९५ मधली, मोरोक्कोतली. आपल्याकडे दिसणाऱ्या कोरलचाच तो चुलतभाऊ. कुणी बंदुका घेऊन एका दिवसात संपवला असं नाही. शिकार होतीच, पण जोडीला वाटेतल्या आणि मुक्कामाच्या पाणथळी एकेक करून गेल्या, आणि नीट मोजणी होईपर्यंत उशीर झाला होता.

तिथी गुणिले पाऊण

इथे थोडं कोळी लोकांचं गणित शिकून घ्या. परीक्षेत येणार नाही, पण ट्रिपचे पैसे वाचतील.

भरतीची वेळ काढायची असेल तर तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे १५. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला पूर्ण भरती सव्वाअकराच्या आसपास, दुपारी आणि रात्री. अष्टमी म्हणजे ८, पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पुढे-मागे अर्धा-पाऊण तास होतं, पण अंदाज पक्का येतो. आणि दुसरी गोष्ट, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास 'उधाण' असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास 'भांग', म्हणजे पाण्याची हालचाल कमी. यंदाचा पक्षी सप्ताह योगायोगाने बरोबर उधाणाला सुरू होऊन भांगाला संपतोय. काल त्रिपुरारी पौर्णिमा होती, आणि पुढच्या बुधवारी, सालिम अलींच्या जन्मदिवशी, वद्य अष्टमी आहे.

याचा पक्ष्यांशी काय संबंध? सगळाच. हे किनारी पक्षी घड्याळावर जगत नाहीत, भरती-ओहोटीवर जगतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते त्यात चोची खुपसून किडे, शिंपले, खेकड्यांची पिल्लं खातात. दिवस असो की रात्र. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि त्यांना उभं राहायला कोरडी किंवा उथळ जागा लागते. तिथे ते पंख साफ करतात, झोपतात, खाल्लेलं पचवतात. उधाणाच्या भरतीला तर खाडीतला चिखल सगळाच बुडतो, तेव्हा ते किनारा सोडून आतल्या तळ्यांवर आणि मिठागरांवर जातात. म्हणजे यांना दोन घरं लागतात. एक जेवायचं आणि एक झोपायचं. आणि ही दोन्ही जवळजवळ लागतात, कारण रोज दोन वेळा अप-डाऊन करायचं असतं. कर्जत-सीएसएमटी करणाऱ्यांना कळेल, प्रवासातच शक्ती गेली तर काय होतं.

आता बघा आपण काय केलंय. जेवायच्या जागेला संरक्षण दिलंय. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मस्तच झालं. पण झोपायच्या जागा बहुतेक अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिल्या. नेरुळचं डीपीएस शाळेमागचं तळं, सीवूड्सच्या एनआरआय कॉम्प्लेक्सजवळची पाणथळ, टीएस चाणक्यचा परिसर, उरणची पाणजे. या सगळ्या जागा कागदावर 'रिकामी जमीन' दिसतात आणि नवी मुंबईत रिकाम्या जमिनीचा भाव काय आहे हे तुमच्या घरच्यांना विचारा.

पाणजेत भरतीचं पाणी येऊ दिलं जात नाही, अशी तक्रार पर्यावरण कार्यकर्ते कित्येक वर्षं करत आहेत. एनआरआयजवळच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि घरं बांधायच्या प्रस्तावावरून न्यायालयात वर्षानुवर्षं वाद चालला. डीपीएस तळ्यावर २०२४ च्या एप्रिलमध्ये रोहित मेले. जवळच्या जेट्टीच्या कामात तळ्यात पाणी येण्याची वाट बुजली, असा कार्यकर्त्यांचा आरोप होता. पुढच्याच महिन्यात, २० मे २०२४ च्या रात्री, मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि घाटकोपरच्या पंतनगर भागात ३९ रोहित मेलेले सापडले. त्यानंतर चक्रं फिरली. यंदा एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याला मंजुरी दिली. झोपायची एक जागा वाचण्याच्या वाटेवर आहे, ही चांगली बातमी. पण ती यायला आधी एवढे पक्षी मरावे लागले.

गेल्या महिन्यात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. उद्घाटनाच्या वेळी उड्डाणं सुरू झालेली नव्हती. आतल्या पाणथळी नष्ट झाल्या तर पक्षी पर्यायी मोकळ्या जागा शोधतील आणि त्या विमानतळाजवळच्या असू शकतात, हा इशारा बीएनएचएसने आधीच दिलाय. पाणथळ वाचवणं हा 'पक्षीप्रेमींचा हट्ट' आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी विमानात खिडकीची सीट घेऊन यावर विचार करावा.

पॅकेजमध्ये कोण असतं, कोण नसतं

आता सुट्टीकडे परत येऊ. गेल्या महिन्यात मी अलिबागच्या बाजूला एका ग्रुपबरोबर अशी ट्रिप केली. ग्रुपचं नाव महत्त्वाचं नाही. आम्ही बावीस जण होतो आणि गाइड एकच. सकाळी सातला किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. पक्षी इतके लांब होते की दुर्बिणीतूनही ठिपकेच. दुपारी जेवणाची वेळ झाली आणि नेमकं तेव्हाच पाणी चढत होतं, थवे सरकत सरकत जवळ येत होते. जेवून परत आलो तर भरतीला दोनेकशे चिखल्या आणि सुरय वाळूच्या एका पट्ट्यावर दाटीवाटीने बसले होते. ग्रुपमधल्या काहींना उडत्या थव्याचा व्हिडिओ हवा होता. ते चालत गेले, थवा उडाला, गिरकी घेऊन परत बसला. ते पुन्हा गेले. मी घड्याळ लावून मोजलं. चाळीस मिनिटांत सात वेळा. गाइड हसत होता, कारण शेवटी स्टार रेटिंग त्यालाच मिळणार होतं.

थवा उडवला तर काय बिघडतं, असं वाटेल. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगावर चरबीचा साठा उरलेला नसतो. काही जाती प्रवासाला निघण्याआधी आपलं वजन जवळपास दुप्पट करतात आणि ते सगळं हवेत जाळून इथे पोचतात. ज्यांना पुढे जायचंय त्यांना ते पुन्हा भरायचं असतं, आणि जे इथेच राहतात त्यांना पिसं बदलायची असतात. मोबाइल पाच टक्क्यांवर असताना कुणी तुमचा फ्लॅशलाइट सात वेळा चालू-बंद केला तर जसं वाटेल तसंच हे, फक्त इथे चार्जर नाही.

पैशाचं बघू. दोन रात्रींच्या पॅकेजमध्ये गाडी, आयोजकाचा नफा, शहरातून आलेला गाइड, होमस्टे आणि बोट. गावात जातो तो होमस्टेचा आणि बोटीचा भाग. ज्या पाणथळीमुळे हे सगळं चाललंय, तिच्या नावावर एक रुपयाही पडत नाही. त्यामुळे उद्या ती जागा भराव टाकून सपाट झाली तर आयोजक दुसऱ्या जागेचा फोटो टाकेल, एवढंच. गावातल्या माणसालाही त्या चिखलाशी बांधून ठेवणारं काही नाही. माझ्या मते या बाजाराचं खरं दुखणं इथे आहे. उडवलेला थवा हे लक्षण झालं.

हे बदलता येतं का? येतं. आणि त्यासाठी कोस्टा रिकापर्यंत जायची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, गावातल्या घरांत पर्यटक राहायला लागले. पूर्वी जी अंडी खाल्ली किंवा विकली जायची, त्यातून निघणारं पिल्लू समुद्रात जाताना बघायला लोक पैसे मोजू लागले. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिलांचा एक बचत गट होडीतून कांदळवनाची सफर घडवतो. कांदळवन तुटलं तर त्यांचा धंदा बसतो, म्हणून त्या खाडीवर नजर ठेवायला वेगळा पहारेकरी लागत नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण मात्र नागालँडचं. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये दोयांग जलाशयाजवळ अमूर फाल्कन या चिमुकल्या ससाण्याची कत्तल उघड झाली. जाळी लावून दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी मारले जात असल्याचा अंदाज होता. हे जगासमोर आणणाऱ्यांमध्ये पत्रकार बानो हरालू होत्या आणि शशांक दळवी हा आपला मराठी पक्षीअभ्यासकही होता. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, तिथे कत्तल थांबली. वनखातं, चर्च, ग्रामपरिषदा, संस्था सगळे एकत्र आले. पांगती गावात आज लोक हेच पक्षी बघायला जातात आणि गावकऱ्यांच्या घरी राहतात. अर्थात गोष्ट इतकी गोडही नाही. ज्यांचा मासेमारी आणि पक्ष्यांच्या विक्रीवर हंगाम चालायचा, त्यांचं नुकसान पर्यटनातून लगेच भरून निघालं असं कुणी म्हणू नये. पण आपल्याशी जोडलेला धागा असा की हेच अमूर फाल्कन नागालँड-मणिपूरहून निघून देश आडवा पार करतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लोणावळ्याच्या आसपास ते दिसतात आणि मग अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिकेला जातात. त्याच दिवसांत चतुरांचे थवेही तोच समुद्र पार करत असतात, आणि वाटेत तेच या ससाण्यांचा डबा होतात असा अभ्यासकांचा कयास आहे. पांगतीने जाळी गुंडाळली म्हणून लोणावळ्याच्या आकाशात ससाणे दिसतात. उड्डाणमार्ग या शब्दाचा अर्थ मला तरी इथे नीट कळला.

कोकणात अडचण अशी की चिखल 'गोड' दिसत नाही. कासवाचं पिल्लू रीलवर चालतं. गुडघाभर गाळ आणि त्यात उभा करडा पक्षी चालत नाही. म्हणून कासवाला महोत्सव मिळतो आणि चिखलाला भराव. पालघरला वाढवण बंदरासाठी सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प मंजूर झालाय. तिथल्या मच्छीमारांचा विरोध तुम्ही बातम्यांत बघितला असेल. पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पक्ष्यांचं काय, हा प्रश्न चर्चेत क्वचितच येतो. तो विचारणारे लोक कमी आहेत. हौशी पर्यटक वाढले तर असे लोक वाढू शकतात, म्हणूनच मला हा बाजार बंद व्हावा असं वाटत नाही. तो शहाणा व्हावा असं वाटतं.

मग ट्रिपला जायचं की नाही?

जायचं. पण फोन करताना आयोजकाला पहिला प्रश्न विचारा, 'त्या दिवशी भरती किती वाजता आहे?' उत्तर आलं नाही तर फोन ठेवा. कार्यक्रमपत्रिकेत सगळ्या दिवसांना 'सकाळी ६.३० बर्ड वॉक' असं सरसकट छापलेलं असेल तर तो माणूस घड्याळावर चालतोय, समुद्रावर नाही. किनारी पक्ष्यांसाठी उत्तम वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे दोनेक तास, कारण पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलतं. तुम्हाला त्यांच्याकडे जावं लागत नाही. एका गाइडमागे किती माणसं, स्पॉटिंग स्कोप आहे का, गावातला कुणी बरोबर असतो का, हेही विचारा. ड्रोन उडवणार असतील किंवा स्पीकरवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणार असतील, तर तुमचे पैसे दुसरीकडे खर्च करा.

आणि खिसा रिकामा असेल तर गाइडेड सुट्टी हा एकच रस्ता नाही. हार्बर लाइनवर शिवडी स्टेशनला उतरून जेट्टीपर्यंत चालत जाता येतं. समोर चिखल, वर अटल सेतू, दोन्हीचा फोटो एकाच फ्रेममध्ये. ऐरोलीला वनखात्याच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट जाते. तिची वेळही भरतीवर ठरते, त्यामुळे चौकशी करूनच निघा. गोव्यात असाल तर रायबंदरहून फेरीने चोडणला उतरलं की सालिम अली पक्षी अभयारण्य. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिथे जाणकारांच्या बरोबर उभं राहून मोजणी शिकायला मिळते, आणि तुमचा आकडा त्या नोंदींत जातो ज्यांवरून पुढे लाल यादीसारखे निर्णय होतात. सीव्हीत लिहायलाही बरं. बायोलॉजीवाल्यांनीच जायचं असं काही नाही. मास मीडियाची मुलगी म्हणून सांगते, पाणथळीच्या बातमीत बाइट द्यायला कार्यकर्ते मिळतात, पण तिथल्या पक्ष्यांच्या सलग दहा वर्षांच्या नोंदी शोधताना घाम फुटतो.

येत्या शनिवारसाठी माझी शिफारस आक्षी. अलिबागच्या अगदी दक्षिणेला. मराठीच्या अभ्यासकांना हे गाव माहीत असतं ते इसवी सन १०१२ च्या शिलालेखामुळे, जो मराठीतला सगळ्यात जुना मानला जातो. पक्षीवाल्यांना माहीत असतं किनाऱ्यावरच्या कुरव, सुरय आणि चिखल्यांमुळे. गेटवेहून मांडव्याची बोट, तिथून अलिबाग, पुढे रिक्षा. उत्तरेला थोड्या अंतरावर किहीम लागतं, जिथे सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. शनिवारी वद्य चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमाराला. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्या आणि एक वाजता सुरूच्या झाडांच्या सावलीत जागा पकडून बसा. ऊन कडक असतं, पाणी आणि टोपी हवीच. कपडे मातकट रंगाचे. आणि हो, शनिवारी संकष्टी आहे. उपास असेल तर डबा घरूनच न्या, किनाऱ्यावरच्या टपऱ्यांवर साबुदाण्याची खिचडी मिळेलच असं नाही.